फिल्टर सव्वादोनवर

त्या यंत्राच्या काहीच लक्षात राहायचं नाही.
वीज गेली की सगळं पुसलं,
आणि एनुगूत वीज जायला निमित्त लागत नसे.
म्हणून वडील कागदावर लिहून ठेवत,
कुठल्या गोल बटणाचा काटा कुठे होता,
घड्याळाच्या भाषेत:
पहिला ऑसिलेटर बारावर.
दुसरा बारा वाजून किंचित.
फिल्टर सव्वादोनवर.
'किंचित'खाली दोन रेघा.

लाकडी पेटी, साडेतीन सप्तकं,
चौऱ्याहत्तर साली लागोसच्या धक्क्यावर उतरलेली.
बँडची तीन हंगामांची कमाई तिच्यात गेली.
ट्रम्पेटवाला न्वाचुक्वू म्हणाला,
एवढ्यात दोन माणसं आली असती, जेवूनखाऊन,
आणि उकडलं म्हणून त्यांनी सूर सोडला नसता.
बरोबरच होतं त्याचं.
संध्याकाळी जुळवलेलं वाद्य
रात्री दहाला अर्धी पायरी चढलेलं असे.
वडील उजव्या हाताने वाजवत
आणि डाव्याने त्याला खाली ओढत राहत,
हट्टी बकरीचं दावं ओढावं तसं.
नाचणाऱ्यांना वाटे, ही लकब आहे.

एका वेळी एकच स्वर.
दोन कळा दाबल्या तर खालचीच बोले.
लहानपणी मी पाचही बोटं ठेवून बघायची:
एकाचं ऐकलं जाई, बाकीची नुसती हजर.
घरातही आमच्या साधारण असंच चालायचं.

आमच्या भाषेत शब्द चढतात, उतरतात.
चढ चुकला तर चंद्राचं मरण होतं.
म्हणूनच ओजा फुंकणारा जत्रेच्या गर्दीत
नुसत्या बासरीने तुम्हाला नावानं हाक मारतो
आणि तुम्ही मागे वळता.

वडील गेल्यावर बिस्किटांच्या डब्यात
बेचाळीस कागद सापडले.
'पितळ, लग्नासाठी.'
'बेडूक.'
'चर्चमध्ये वाजवू नये.'
आणि एकावर फक्त नाव: ओन्वुबिको.

त्यांचा धाकटा भाऊ.
आधीची दोन जगली नाहीत, म्हणून आईने ठेवलेलं नाव:
मरणा, पाया पडते.
मरणाने सतरा वर्षं ऐकलं.
अडुसष्टच्या सप्टेंबरात तो ओवेरीच्या रस्त्याने गेला,
दुसऱ्याच्या बुटांत.
त्यानंतर आमच्या घरात ते नाव
तोंडाने कुणी घेतलेलं मला आठवत नाही.

तोंडाने.

ओग्बेते बाजारामागे इफेआदी इन्व्हर्टर दुरुस्त करतो.
त्याने चार कपॅसिटर बदलले,
झुरळांची अंडी ब्रशने झाडली,
म्हणाला, आंटी, हा आवाज फोनमध्ये फुकट मिळतो.
मी म्हटलं, माहीत आहे.

अर्धा तास तापू दिलं.
कागद समोर धरून काटे लावले.
पहिला बारावर. दुसरा बारा वाजून
किंचित म्हणजे किती, ते कागद सांगत नाही.

ओ, न्वु, बि, को:
वर, वर, खाली, परत वर.
चार कळा.
डास गुणगुणला.
काटा केसभर सरकवला, लॉरीचा भोंगा.
परत मागे. डास.
इफेआदीचा चहा आला, त्याने पिऊन टाकला,
बाहेर जनरेटर सुरू झाले एकामागून एक,
मी अजून दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी.
मग बटण सोडताना बोट जरा घसरलं
आणि पेटीतून कुणीतरी श्वास घेतल्यासारखं झालं.

वर. वर. खाली.

इफेआदीने सोल्डरिंगवरून मान उचलली नाही.
कुणाला बोलावताय, म्हणाला,
ह्याच नावाचे माझे मामा होते.
नंतर जरा थांबून: की दुसरं काही नाव आहे?

मी चौथ्या कळीवर होते.
उकाडा होता. स्वर आपोआप चढायला लागला,
किंचित, मग त्याहून थोडा.
डावा हात बटणापाशी होता माझा.
मी त्याला खाली ओढलं नाही.